सातव्या महिन्यात हरवणारी तपासणी

प्रति,
जिल्हा आरोग्य व कुटुंब कल्याण अधिकारी, बेळगाव
आणि
जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर

सादर नमस्कार.

एकाच पत्रावर दोन राज्यांतले दोन हुद्दे बघून आपल्याला वाटेल, बाईंचा पत्ता चुकला. चुकलेला नाही. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. ३१ वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. माझ्या लेकीचं सासर चंदगड तालुक्यात आहे. मधे राज्याची हद्द आहे, पण रोजच्या जगण्यात ती आम्हाला फारशी दिसत नाही. चंदगडकडची माणसं बाजाराला आणि दवाखान्याला बेळगावलाच येतात, कोल्हापूर त्यांना लांब पडतं. हद्द दिसते ती कागद दाखवायची वेळ आली की.

आधीच सांगते, हे पत्र सीमाप्रश्नाचं नव्हे. तो २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिथं त्याचं काय व्हायचं ते होऊ दे. पोटातल्या पोराला मात्र नऊच महिने असतात.

या महिन्याच्या ९ तारखेला शेजारच्या सुनेला घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेले होते. ९ तारीख म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस. गरोदर बायकांची रांग बाहेर पायरीपर्यंत आलेली, मिरगाचा पाऊस, छत्र्या गळतायत. सुनेला २५ वा आठवडा चालू होता. वजन झालं, प्रेशर झालं, पोट बघून झालं. मी साखरेचं विचारलं तर उत्तर आलं, ‘स्ट्रिपा संपल्यात, पुढच्या नऊला या.’ पुढच्या नऊला तिला २९ वा आठवडा लागलेला असेल. शिवाय ती तेव्हा इथं नसेल, बाळंतपणाला गडहिंग्लजकडे माहेरी गेलेली असेल. रांगेतल्या बाकीच्या बायका ‘बरं’ म्हणून उठल्या. मला उठता येईना. कारण अशीच राहून गेलेली तपासणी साडेतीन वर्षांपूर्वी माझ्या घराला भोवलेली आहे.

लेकीचं पहिलं बाळंतपण. सासरी तिचं नाव तिसऱ्या महिन्यात नोंदलं, कार्ड मिळालं, रक्तगट, हिमोग्लोबिन, लघवी, सगळं झालं. कार्डावर साखरेपुढं लिहिलं होतं, ‘नाही’. ती लघवीतली साखर. ओटीभरण करून २७ व्या आठवड्यात मी तिला इकडं आणलं. इथल्या सिस्टरनं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. ती पोरगी विजापूरकडची, नवीनच आलेली, मराठी अक्षर तिला लागेना. तिनं विचारलं, ‘शुगर टेस्ट आगेतेन्री?’ लेक म्हणाली, ‘हो, झालीय.’ सिस्टरनं रजिस्टरात खूण केली. कोणी खोटं बोललं नाही, कोणी टाळाटाळ केली नाही. आणि तपासणी हरवली.

पुढचे दोन महिने मी काय केलं तेही लिहायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. मी तिला खाऊ घातलं. सकाळी शिरा, दुपारी आणि रात्री भात, कोणी बेळगावला गेलं की कुंदा. ‘दोन जीवांची आहेस, दोघांचं जेव’ हे मी दिवसातून चारदा म्हणत होते. पोट फार मोठं दिसायला लागलं तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या जुळं असेल, मी म्हटलं बाळसेदार आहे. त्या म्हणण्यात मला अभिमान होता.

बाळ ४ किलो ३०० ग्रॅमचं निघालं. डोकं आलं आणि खांदा अडकला. त्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी आणि दोन सिस्टरनी लेकीचे पाय पोटाशी दाबून, ओटीपोटावरून जोर देऊन पोर जिवंत बाहेर काढलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण उजवा हात लुळा पडला होता. दोन तासांत पोराला थरथर सुटली. त्याच्या रक्तातली साखर २८ वर आली होती. रात्री ॲम्ब्युलन्समधून बेळगाव, मग सहा दिवस काचेच्या पेटीत. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘आईची शुगर कितव्या महिन्यात तपासली होती?’

बहुतेक मुलांचा असा हात काही महिन्यांत पूर्ववत होतो. आमच्या नातवाचा बराचसा झाला, पूर्ण नाही. तो आता तीन वर्षांचा आहे. शर्ट घालताना आधी उजवी बाही चढवावी लागते, हे त्यालाही पाठ झालंय. तो स्वतःच तो हात पुढं करतो.

त्यानंतर मी वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले. मास्तरकीची खोड. जे कळलं ते इथं लिहिते, कारण हे पत्र आपल्याइतकंच आमच्या गावच्या सासवांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. गरोदरपणात वारेतून जी संप्रेरकं सुटतात ती आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात, आणि सहाव्या महिन्यानंतर जास्तच. ज्या बाईचं शरीर जादा इन्सुलिन तयार करून हे भरून काढू शकत नाही तिची साखर चढते. तिला आधी मधुमेह असावा लागत नाही, ती जाड असावी लागत नाही, घराण्यात कोणाला असावा लागत नाही. आईची साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःच जादा इन्सुलिन बनवतं, आणि पोटातल्या बाळाला इन्सुलिन म्हणजे खतासारखं. खांद्यावर, पाठीवर चरबी साचते. नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकदम तुटते, पण बाळाचं इन्सुलिन चालूच राहतं, म्हणून जन्मल्यावर दोन तासांत त्याची साखर कोसळते. पोटात पाणी वाढणं, आईचा रक्तदाब चढणं, बाळाला श्वासाचा त्रास, कावीळ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोटातच बाळ जाणं, या सगळ्यांचा धोका यानं वाढतो. बाईला त्यातलं जाणवत काही नाही. म्हणूनच तपासावं लागतं.

आणि उपाय आहे, हे मला जास्त लागलं. ऑस्ट्रेलियातल्या १,००० बायकांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आहाराचा सल्ला, साखरेवर नजर आणि गरज पडली तर इन्सुलिन मिळालं, त्यांच्या बाळांत मृत्यू, खांदा अडकणं, हाड मोडणं किंवा नस दुखावणं यांपैकी काहीतरी घडण्याचं प्रमाण १ टक्का होतं. नेहमीसारखी देखभाल झालेल्यांत ४ टक्के. नस दुखावणं हे शब्द मी तीनदा वाचले.

आपल्याकडे तर यासाठी परदेशाकडे बघायचीही गरज नाही. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी खेड्यातल्या बाईला जमेल अशी पद्धत रुजवली, त्यांचा १० मार्च हा जन्मदिवस देशात गर्भावस्थेतल्या मधुमेहाच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. केंद्र सरकारनं २०१४ मध्ये या तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, २०१८ मध्ये सुधारून काढल्या. पद्धत चार ओळींत सांगता येते. जेवलेली असो वा उपाशी, बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात द्यायचं, पाच-दहा मिनिटांत प्यायला लावायचं. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर रक्त तपासायचं. १४० किंवा वर आली तर मधुमेह धरायचा. पहिल्यांदा नाव नोंदवताना एकदा, आणि ती ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा.

आता बघा, २४ ते २८ आठवडे म्हणजे आमच्या हिशेबात सहावा सरून सातवा महिना. ओटीभरणाचा, पोरीनं माहेरी यायचा महिना. आपल्या सूचनेतली खिडकी आणि आमची रीत नेमकी एकमेकींवर येऊन पडतात. सासरच्या सिस्टरला वाटतं माहेरी होईल, माहेरच्या सिस्टरला वाटतं सासरी झाली असेल. एका राज्यात हे घडलं तरी निदान कार्ड वाचता येतं. आमच्याकडं चंदगड, आजरा, गडहिंग्लजची लेक इकडं येते तेव्हा तिचं कार्ड इथल्या सिस्टरला वाचता येत नाही. आणि इथली सून तिकडं जाते तेव्हा तिच्या हातातलं तायी कार्ड कानडीत असतं. तायी म्हणजे आई, एवढं आम्हाला सगळ्यांना कळतं. आत काय लिहिलंय ते त्या आईला कळत नाही.

माझी मूळ तक्रार ही. बाकीच्या तिच्याच भोवतालच्या आहेत.

लघवीच्या तपासणीला ‘शुगर टेस्ट’ म्हणणं पहिल्यांदा थांबायला हवं. लघवीत साखर नाही म्हणजे रक्तात वाढलेली नाही असं होत नाही. हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तरी दोन्हीकडच्या नोंदींत या दोन तपासण्या एकाच शब्दानं ओळखल्या जातात. मी तालुक्याच्या ठिकाणी अर्ज केला तेव्हा तोंडी उत्तर मिळालं की ‘रजिस्टरला सगळ्यांची झालेली दिसते.’ दिसणारच. माझ्या लेकीचीही तिथं झालेलीच दिसते.

दुसरं, उपाशी बोलावणं. सूचनेत उपाशी लागत नाही, तरी बायकांना ‘काही न खाता या’ सांगतात. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात सकाळची वस्तीची गाडी धरून उपाशीपोटी आलेली बाई ग्लुकोज प्याल्यावर ओकते, मग ‘हिला सहन होत नाही’ म्हणून तपासणी सुटते. काही ठिकाणी ग्लुकोज मोजून न देता तीन चमचे, चार चमचे अंदाजानं घालतात. ७५ ग्रॅमला चमचा चालत नाही. आणि दोन तास थांबायचं तर परतीची गाडी चुकते. शक्ती योजनेमुळं इकडं बायकांना सरकारी बसचं तिकीट लागत नाही, पलीकडं अर्धं लागतं, ही चांगली गोष्ट आहे. पण गाडीच दिवसातून दोनदा असेल तर फुकट तिकिटाचं काय करायचं? भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांचं तर मी बोलतही नाही. तिथं पावसाळ्यात रुग्णाला खाटेवर बांधून आणतात.

तिसरं थोडं वेगळं. ३० वर्षांपुढच्या सगळ्यांची साखर तपासायची सरकारची मोहीम आहे. माझी त्यात दोनदा तपासली, घरी येऊन. ती ग्लुकोमीटर घेऊन आलेली बाई माझ्या शेजारी बसलेल्या बावीस वर्षांच्या गरोदर पोरीचं बोट धरत नाही, कारण तिचं वय बसत नाही. यंत्र तेच, स्ट्रिप तीच.

अंगणवाडीतल्या मातृपूर्ण जेवणाबद्दल मी सावधपणे लिहिते, कारण ती योजना मला मनापासून आवडते. भात, सांबार, अंडं, दूध आणि शेंगदाण्याची चिक्की, २०१७ पासून कितीतरी बायकांचं त्यावर भागलं आहे. पण साखर वाढलेल्या बाईलाही तोच भाताचा ढीग आणि तीच गुळाची चिक्की मिळते. तिच्या ताटात भात निम्मा आणि उसळ दुप्पट, चिक्कीऐवजी भाजलेले शेंगदाणे, एवढा बदल अंगणवाडीच्या ताई आनंदानं करतील. त्यांना कोणी सांगितलेलं नाही. (आपला जिल्हा उसाचा. साखर तपासायला बेळगावात अख्खी संस्था आहे. ती उसातली तपासते.)

शेवटची तक्रार बाळंतपणानंतरची. ज्या बाईला गरोदरपणात मधुमेह झाला तिची सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी व्हावी असं सूचनेत आहे, कारण पुढं तिला कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो. आमच्याकडं सहाव्या आठवड्यात बाई बाळंतिणीच्या खोलीत डिंकाचे लाडू खात असते. माझ्या लेकीला कोणी बोलावलं नाही, आणि मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

‘माणसं कमी आहेत, सिस्टरवर आधीच बोजा आहे’ असं आपण म्हणाल. खरं आहे. आशाताई आणि सिस्टर किती रजिस्टरं भरतात ते मी पाहते. पण याच बेळगाव जिल्ह्यातली एक गोष्ट आठवून देते. बाळंतपणानंतरचा जादा रक्तस्राव टाळायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या चालतात का, हे जगाला आपल्या जिल्ह्यानं दाखवलं. १,६२० बायका, खेड्यातली बाळंतपणं, आणि गोळी देणाऱ्या होत्या गावच्या सिस्टर. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं आणि २००६ साली ते ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. ज्या जिल्ह्यातल्या सिस्टरनी ते केलं त्यांना पाण्यात ग्लुकोज कालवणं जड जाणार नाही. त्यांच्या हातात मोजलेलं पाकीट आणि चालू स्ट्रिपा असल्या पाहिजेत, एवढंच.

म्हणून मी दोन्ही कार्यालयांकडे पुढील गोष्टी मागते.

२४ ते २८ आठवड्यांची तपासणी ९ तारखेला बांधू नका. बाई ज्या दिवशी दारात येईल त्या दिवशी करा, आणि दूरच्या गावांत उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत करा. तिथं दोन तास बसायला जागा असते आणि घर जवळ असतं. उशिरा आलेल्या, २८ आठवडे उलटलेल्या बाईलाही ‘वेळ गेली’ म्हणून परत पाठवू नका, सूचनेप्रमाणे तिची एकदा करायचीच आहे.

स्ट्रिपा आणि ७५ ग्रॅमची पाकिटं संपण्याआधी मागवायचं कोणाचं काम आहे, ते त्या माणसाच्या हुद्द्यासह दवाखान्याच्या भिंतीवर लिहा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईच्या तपासण्या मोफत आहेत. साठा संपला तर पुढच्या महिन्याची तारीख देऊ नका, त्या आठवड्यातच दुसऱ्या केंद्रावर मोफत करून द्या.

दोन्ही राज्यांच्या कार्डांवर एक छोटा चौकोन छापा किंवा तूर्त शिक्का मारा: ‘ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तातली साखर’, पुढं तारीख, आठवडा आणि आकडा. मराठी आणि कानडी दोन्हींत. आकडा दोन्ही भाषांत वाचता येतो, खुणेचा मात्र अर्थ लावावा लागतो, आणि आमचा घोटाळा खुणेनंच झाला. चौकोन रिकामा असेल तर सिस्टरनं विचारू नये, सरळ तपासणी करावी. जिथं १५ टक्क्यांहून जास्त लोक दुसऱ्या भाषेचे आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्रानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ मध्येच सांगून ठेवलंय. आरोग्यापेक्षा महत्त्वाची सूचना मला तरी सुचत नाही.

बेळगाव आणि कोल्हापूर यांच्या सीमेवरच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा फोनवर बसून, सातव्या महिन्यात कोण कुठं गेली आणि कोणाची तपासणी राहिली, एवढी यादी अदलाबदल करावी. निवडणुकीला दोन्हीकडचे अधिकारी एकत्र बसतात. यालाही बसता येईल.

आणि ज्या आईची साखर वाढलेली निघाली तिची सहा आठवड्यांची तपासणी बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच करा. त्या दिवशी ती बाळाला घेऊन येतेच. वेगळं बोलावलं तर येणार नाही, हे मी बाई म्हणून सांगते.

शेजारच्या सुनेची तपासणी आम्ही दुसऱ्या दिवशी खानापुरात पैसे भरून करून घेतली. १६२ आली. ती रडली, सासू घाबरली, मग डॉक्टरांनी समजावलं की पुष्कळ बायकांचं आहार आणि चालण्यावरच भागतं. भात एका वेळेवर आला, नाचणीची भाकरी आणि उसळ वाढली, रोज अर्धा तास ती गावच्या रस्त्यानं चालते. दोन आठवड्यांनी जेवणानंतर दोन तासांची साखर पुन्हा बघायची आहे, ती १२० च्या खाली राहिली नाही तर औषध. गडहिंग्लजला जाताना तिच्या कार्डावर मी १६२ हा आकडा लाल पेननं, दोन्ही लिप्यांत लिहून दिलाय. कानडी आकडे मला शाळेत असताना शिकावे लागले होते, उपयोगी पडले.

माझी लेक पुन्हा गरोदर आहे. पहिल्या खेपेला साखर वाढलेल्या बाईला दुसऱ्या खेपेला धोका जास्त, म्हणून मी मागं लागले आणि सासरी १३ व्या आठवड्यात तिची तपासणी झाली. १२६ आली. दुसरी अजून व्हायची आहे. २४ वा आठवडा श्रावणाच्या शेवटी लागतो आणि चवथीला ती माहेरी येणार आहे, चंदगडचं कार्ड घेऊन. गणपती विसर्जन झालं की मी तिला घेऊन त्याच दवाखान्याच्या पायरीवर येईन. तारीख नऊ नसेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव